चार भोकं, दोन स्क्रू

परवा रविवारी शिरढोणला घरी गेलो होतो. शेजारचा पोरगा भेटला, अंगठ्याला ही जाडजूड पट्टी. "काय रे, कोयता लागला की काय?" म्हटलं, तर म्हणतो, "नाही दादा, केज नट." ठाण्यातल्या एका ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये रॅक भरायचं काम होतं. मी आधी हसलो. मग त्याने पट्टी सोडून दाखवली आणि हसू जिरलं.

ज्यांनी सर्व्हर फक्त काळ्या स्क्रीनवर पाहिलाय (म्हणजे आपण बहुतेक सगळेच) त्यांच्यासाठी सांगतो. रॅकच्या उभ्या पट्टीला साडेनऊ मिलिमीटरची चौकोनी भोकं असतात. त्यात स्प्रिंग स्टीलच्या पिंजऱ्यातला नट बसवायचा आणि त्यात स्क्रू पिळायचा. एका 'यू'ला, म्हणजे ४४.४५ मिलिमीटरला, तीन भोकं. ४२ यूच्या रॅकला चार पट्ट्या मिळून ५०४!

कल्पना झकास आहे बरं का. पट्टीलाच आटे पाडले आणि ते गेले, तर अख्खी पट्टी बाद. इथे आटे गेले तर काही रुपयांचा नट बदला. शिवाय नट पिंजऱ्यात थोडा हलतो, त्यामुळे उन्नीस-बीस खपून जातं. तेव्हा दोष नटाचा नाही.

दोष आपला. हे नट बसवायला एक साधा हूक मिळतो. पुढून भोकात घालायचा, मागे धरलेल्या नटाचा कान पकडायचा, ओढायचा, टक्! लाखोंच्या सर्व्हरच्या ऑर्डरमध्ये हा हूक कुणी लिहीतच नाही. मग पोरं चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून नट कोंबतात, तो सटकतो आणि पिंजऱ्याची धार बोटात.

त्यात जुगाड! एम६ च्या नटात १२-२४ चा स्क्रू. दिसायला सारखाच, दोन-चार आटे जातोही, मग एकतर अडकतो नाहीतर डुगडुगतो. आणि "चार भोकं आहेत ना, दोन स्क्रू मार, चालतंय." चालतंय काय च्यायला? आपण कोडमध्ये एक टेस्ट गाळली तर बग येतो, इथे जड यूपीएस खालच्याच्या पायावर येईल.

ऑफिसात हे बोललो तर एक मित्र म्हणाला, "आता सगळं क्लाउडवर आहे रे." अरे, क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा रॅक! आमच्याच पनवेल तालुक्यात २०२० साली योट्टाचं डेटा सेंटर सुरू झालं, क्षमता ७,२०० रॅकची. ४२ यूचा हिशोब लावला तर छत्तीस लाखांवर भोकं. दुसरा म्हणाला, आता रेल नुसत्या दाबून बसतात, नट लागतच नाहीत. सर्व्हरच्या बसतात, मान्य. पण स्विच, पॅच पॅनल, शेल्फ? तिथे बहुतेक वेळा नटच लागतो.

फडक्यांच्या वासुदेव बळवंतांमुळे ओळखलं जाणारं आमचं गाव. तिथली पोरं आज हे रॅक भरतायत. त्यांना क्रांती नकोय, हूक हवाय. पुढच्या ऑर्डरमध्ये तीन ओळी वाढवा: एकाच मापाचे नट-स्क्रू, दोन हूक, हातमोजे. आणि रॅक ताब्यात घेताना स्क्रू मोजा.

असो. पोरगा सोमवारी परत कामावर गेला. हूक मी घेऊन दिला, कंपनीने नाही.