न दुखणारी कावीळ अंगावर काढू नका

पन्नाशी उलटलेल्या माणसाचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, शौचाचा रंग मातकट पांढरा झाला, रात्रभर अंग खाजतं आणि पोटात मात्र दुखत नाही, असं असेल तर कृपा करून त्याला काविळीचं औषध देणाऱ्याकडे नेऊ नका. सोनोग्राफी करा. याच आठवड्यात करा.

माळ घालणं, नाकात थेंब सोडणं, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवणं, मनगटावर डाग देणं आपल्याकडे अजून चालतं आणि गुण आल्याचं लोक शपथेवर सांगतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय माळेला मिळतं. पण पित्ताची नळी आतड्याकडे जाताना स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिथे गाठ झाली की नळी दबते, पित्त तुंबतं आणि कावीळ चढतच जाते. उसाच्या रसात आणि पथ्यात गेलेला महिना त्या गाठीला मिळतो. स्वादुपिंडाचा कॅन्सर कळतो तेव्हा शंभरातल्या जेमतेम पंधरा-वीस जणांची गाठ काढता येण्याजोगी असते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने गेले. तेव्हा काही दिवस स्वादुपिंड हा शब्द घरोघरी ऐकू आला, मग मागे पडला.

सोनोग्राफी झाली की रिपोर्टची शेवटची ओळ वाचून घरी जाऊ नका. मधे कुठेतरी लिहिलेलं असतं, ‘पॅन्क्रियाज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’. म्हणजे आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड दिसलंच नाही. जठराच्या मागे, मणक्याला लागून असलेला हा अवयव सोनोग्राफीत वरचेवर असा निसटतो. न दिसलेल्याला नॉर्मल समजू नका. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही उतरतंय, तर कावीळ नसली तरी डॉक्टरांना स्वादुपिंडाबद्दल विचारा.

पुढची पायरी सीटी स्कॅन, तोही स्वादुपिंडासाठी ठरवून केलेला. शिरेतून औषध सोडल्यावर साधारण ४० ते ४५ सेकंदांनी एकदा आणि ७० सेकंदांच्या आसपास पुन्हा फोटो घेतात. निरोगी स्वादुपिंड उजळतं, कॅन्सरची गाठ बहुधा काळसर राहते आणि ती शेजारच्या रक्तवाहिन्यांना चिकटली आहे का, हे कळतं. ऑपरेशन होईल की नाही, ते यावरच ठरतं. म्हणून एक आग्रहाची विनंती: कावीळ उतरवायला नळीत स्टेंट टाकायचा सल्ला मिळाला, तर ‘सीटी आधी करायचा का?’ असं विचारा. स्टेंट आणि त्यानंतरची सूज यांमुळे गाठीचं चित्र गढूळ होतं. थंडी वाजून ताप येत असेल, तर गोष्ट वेगळी. तो तुंबलेल्या पित्तातला जंतुसंसर्ग असू शकतो, तेव्हा रात्र न काढता हॉस्पिटल गाठा.

सीटीत गाठ स्पष्ट नसेल, तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करतात. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचं यंत्र असतं. ती घशातून जठरात आणि पुढे आतड्याच्या सुरुवातीला नेली की मधे वायू आड येत नाही, दोन सेंटीमीटरहून लहान गाठही दिसते. तिथूनच बारीक सुईने तुकडा घेता येतो. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ या धास्तीने लोक उठून जातात. तसं घडणं फार दुर्मीळ आहे. उलट क्षयरोगाची किंवा स्टेरॉइडने विरघळणारी सूजही कॅन्सरसारखी दिसते आणि केमोथेरपीआधी तुकड्याचा पुरावा लागतोच. गाठ थेट काढता येण्याजोगी असेल तर काही वेळा सुई लागतही नाही. ते सर्जनना ठरवू द्या.

पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा नकाशा हवा असेल तर एमआरसीपी, म्हणजे या नळ्यांचा एमआरआय, पुरते. त्यात क्ष-किरण नाहीत, दुर्बीण नाही. नुसतं निदान करायला ईआरसीपी, म्हणजे तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने त्या नळ्यांत शिरून केलेली तपासणी, करू नये, कारण तिच्यानंतर काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. स्टेंट टाकायला, खडा काढायला ती हवीच.

खर्चाची काळजी असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो. काय योजनेत बसतं ते त्याला आधी विचारा. आणि सीटीची सीडी मागून घ्याच. दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, त्यांना मूळ चित्रं पाहावी लागतात.