न्हाणीचे पाणी वेगळे, संडासचे वेगळे

हल्ली आपल्या धर्मग्रामात कोणी घर बांधायला काढले की पहिला प्रश्न असतो, "ॲटॅच बाथरूम किती?" मुलगा आखातातून पैसे पाठवतो, शहरातल्या एखाद्या फ्लॅटचा नकाशा आणला जातो, आणि खेड्यातल्या घरात शहरी बाथरूम येऊन बसते. सुखसोयीबद्दल माझी तक्रार नाही. पण शहरात पाणी दुरून नळाने येते आणि घाण गटारातून दूर जाते. आपल्याकडे विहीरही परसात आणि खड्डाही परसात. हा फरक नकाशात दिसत नाही.

आपल्या वाडवडिलांच्या घरात बाथरूम अशी एक वस्तू नव्हतीच. न्हाणी होती, तिच्यात चुलीवर पाण्याचा हंडा. भांडी घासायला स्वयंपाकघराजवळ मोरी. न्हाणीमागे केळी आणि अळू, म्हणजे आंघोळीच्या पाण्याची सोय आपोआप झालेली. संडासची सोय मात्र वाईट. आमच्या भागात सगळे परसाकडे, म्हणजे शेतात जात. बायाबापड्यांना अंधाराची वाट पाहावी लागे. गोव्यात अनेक घरांच्या मागे डुकरांचा संडास असे. त्याबद्दल आज काहीजण गमतीने बोलतात, पण त्यात गंमत नव्हती. माणसाच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात, कच्चे राहिलेले मांस खाल्ले की कृमी पुन्हा माणसात येतो, आणि त्याची अंडी तोंडावाटे पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फेफरे येते. ती पद्धत गेली ते बरेच झाले.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि पात्र कुटुंबाला बारा हजार रुपये मिळू लागले. घरोघर संडास आले. आता प्रश्न आहे तो खाली काय होते याचा.

माझी स्वतःची चूक सांगतो. घर वाढवताना गवंड्याने सुचवले, "एकच मोठा खड्डा मारू, न्हाणी, मोरी, संडास सगळे त्यात सोडू, एकदाच खर्च." मला ते पटले. खड्डा विहिरीपासून अठरा फुटांवर आला. चार वर्षे काही झाले नाही, म्हणून मी निर्धास्त. मग एका जुलैत मुसळधार पाऊस लागला, खड्डा तुडुंब भरला, आणि आठवड्यात घरातली दोन्ही मुले जुलाबाने आडवी झाली. धाकटीला सलाईन लावावे लागले. विहिरीचे पाणी तपासून घेतले, ते पिण्यास अयोग्य निघाले. पाणी दिसायला निर्मळ होते, वासही नव्हता. आपला जांभा दगड सच्छिद्र, त्यात भेगा. मातीतून जे पाणी गाळत गाळत जाते ते भेगेतून गाळल्याशिवाय धावते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. न्हाणी, मोरी, संडास एका छपराखाली खुशाल असोत, पण संडासचे पाणी वेगळ्या वाटेने गेले पाहिजे. न्हाणीचे पाणी पुष्कळ असते, पण त्यात साबण आणि मळ एवढेच. ते केळी, नारळ, कर्दळीला द्यावे किंवा दगड-विटांचे तुकडे भरलेल्या शोषखड्ड्यात सोडावे. उघड्यावर तुंबले की डास होतात. मोरीच्या पाण्यात तेल आणि खरकटे असते, त्याला आधी जाळी लावावी. कच्च्या खायच्या भाजीला मात्र हे पाणी घालू नये. संडासचे पाणी थोडे असते, पण रोग सारा त्यात.

त्याला आपल्यासारख्या शेतकऱ्यांसाठी दोन खड्ड्यांचा संडास उत्तम. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण एक मीटर रुंद, एक मीटर खोल असे दोन गोल खड्डे, मध्ये तेवढेच अंतर. भिंतीला जाळीदार विटा, तळ मातीचा, वर घट्ट झाकण. भांडे तीव्र उताराचे घेतले तर दीड-दोन लिटर पाणी पुरते. एक खड्डा भरला की चौकटीतून वाट दुसऱ्याकडे वळवायची आणि पहिला निदान दोन वर्षे बंद ठेवायचा. घाई करू नये, जंतांची अंडी फार चिवट असतात. नंतर निघते ते काळे, मोकळे, वास नसलेले खत. मी ते नारळाच्या आळ्यात घातले आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करण्यासाठी आयुष्य वेचले. आपण मात्र अजून नाक मुरडतो.

विहिरीपासून अंतर किमान दहा मीटर, जांभ्यात त्याहून जास्त. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून दोन मीटर वर हवा. पाणी वर येत असेल तर खड्डा जमिनीवर उचलून भोवती मातीचा भराव घालावा.

जागा अगदीच कमी असेल तर सेप्टिक टाकी बांधा, पण तिच्यातून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते, त्याला शोषखड्डा लागतोच. दोन-तीन वर्षांनी गाळ यंत्राने उपसावा लागतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो.

आता ॲटॅचबद्दल. घरात म्हातारी माणसे असतील तर संडास खोलीलगतच हवा. माझी आई रात्री अंगण ओलांडताना शेवाळावर घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. संडास आत आणा, नळी लांबवा, खड्डा लांबच ठेवा. नळीला उतार दिला की झाले. बसायला कमोड, भिंतीला धरायला पाइप, जमिनीला खरबरीत फरशी. चकचकीत टाइल्स दुकानात शोभतात. आणि दार बाहेर उघडणारे करा. आत माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. आमच्याकडे ते फोडावे लागले होते.