खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या आई-वडिलांना

धाराशिव जिल्ह्यात एखादी मुलगी खो-खोत चमकू लागली की घरात प्रश्न उठतो: यावर पोट भरेल का? प्रश्न रास्त आहे. ज्या घराचा सगळा हिशेब पावसावर चालतो, तिथे तो विचारायलाच हवा. खरं उत्तर असं, की नुसत्या खेळातल्या पैशावर बहुतेकींचं पोट भरणार नाही. खेळाच्या जोरावर मिळालेल्या नोकरीवर मात्र नक्की भरू शकतं. ती नोकरी मिळवायची तर तयारी शाळेपासून करावी लागते.

आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्याकडे पाहा. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा त्या कर्णधार होत्या. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जवळपास दहा वर्षं आपण दिवसातून एकदाच जेवून खेळलो, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. घरच्या ओढाताणीपायी खेळ सोडायचं त्यांच्या मनात आलं होतं, तेव्हा प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी त्यांची समजूत घालून त्यांना मैदानावर परत आणलं. पुढे त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या. पदकाने मान मिळाला आणि घर सावरलं ते नोकरीने. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती. म्हणजे ही वाट आपल्याकडच्या मुलींनी चालून दाखवली आहे.

आता पैशाचं बोलू. 2022 मध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. पहिल्या हंगामात सगळ्यांत वरच्या गटातल्या खेळाडूला 5 लाख रुपये ठरले होते. खालच्या गटांना त्याहून बरेच कमी. हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा आणि संघ फक्त पुरुषांचे. दुसरा हंगाम 2023-24 मध्ये कटकला झाला, तोही पुरुषांचाच. तेव्हा लीगच्या भरवशावर मुलीचं आयुष्य आखू नका.

शिवाय खेळायची वर्षं थोडी असतात. पळतीत क्षणात दिशा बदलायची, सूर मारून गडी टिपायचा, खांबावर अंग झोकून द्यायचं. हा सगळा भार गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. एक मोठी दुखापत झाली की अख्खा हंगाम हातचा जातो. म्हणून चार गोष्टी कळकळीने सांगतो.

पहिली, शिक्षण थांबवू नका. सराव सकाळी आणि संध्याकाळी असतो, मधली शाळा तिचीच आहे. पदवी हातात असली की पुढे बी.पी.एड. करून शिक्षिका होता येतं, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करता येतो.

दुसरी, प्रमाणपत्रं जपा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरणही खो-खोपटूंना घेतात. राज्याच्या आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. कोणत्या पातळीवरच्या पदकाला कोणत्या गटातली नोकरी, हे शासन निर्णयात ठरलेलं असतं आणि नियम बदलतात. म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र एका फाइलीत ठेवा, झेरॉक्स वेगळ्या ठेवा. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का, हे प्रमाणपत्र हाती पडताच तपासा. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

तिसरी, तिच्या ताटाकडे लक्ष द्या. महागडे डबे लागत नाहीत. भाकरी, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, जमेल तसं दूध आणि अंडी, एवढं रोज पोटात गेलं पाहिजे. सतत थकवा येत असेल किंवा चक्कर येत असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर तिने तो प्रशिक्षकांना न लाजता सांगावा, असं घरातूनच शिकवा. गुडघा सुजला असेल तर चोळून पुन्हा मैदानावर पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, लग्नाची घाई करू नका. अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हाच आहे. अठरा पूर्ण झाली की लगेच स्थळं पाहणं कायद्यात बसत असेल, पण तिचा खेळ खरा बहरतो तो त्याच वर्षांत, आणि नोकरीला उपयोगी पडणारी पदकंही तेव्हाच मिळतात. तिला निदान पदवीपर्यंत वेळ द्या.

मुलगी राष्ट्रीय संघात गेली नाही, तरी खेळाने कमावलेलं शरीर, शिस्त आणि चार गावं हिंडून आलेला धीटपणा तिच्यापाशी राहतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीतही तो उपयोगी पडतो. म्हणून तिला खेळू द्या, शिकू द्या, आणि तिच्या कागदांची फाइल आजच तयार करा.