जुन्या मनगटी घड्याळाचा पट्टा

घरांतील वडिलोपार्जित वस्तूंचे दोन वर्ग पडतात. कांहीं वापरांत राहिल्यामुळें टिकतात, तर कांहीं जपून ठेवल्यामुळेंच बिघडतात. पितळी समई, तांब्याचा हंडा, पोळपाट हीं पहिल्या वर्गांतलीं. आजोबांचें मनगटी घड्याळ मात्र बहुधा दुसऱ्या वर्गांत जाऊन पडतें. गिरगांवच्या चाळींतून, दादरच्या हिंदु कॉलनींतील जुन्या इमारतींतून, परळ-लालबागच्या बिऱ्हाडांतून असें एखादें घड्याळ कपाटाच्या खणांत, रुमालांत गुंडाळलेलें सांपडावयाचेंच. किल्ली दिली तर तें चालतेंहि. परंतु हातावर बांधावें म्हटलें तर पट्टा कुजलेला, आणि तेवढ्याच कारणावरून तें पुन्हा रुमालांत जातें. पट्ट्यासारख्या क्षुल्लक वस्तूविषयीं लिहावयाचें तें काय, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, जुन्या घड्याळाचें आयुष्य जितकें त्याच्या यंत्रावर तितकेंच त्याच्या पट्ट्यावर अवलंबून असतें. म्हणून या महिन्याचें पान आम्हीं त्यास दिलें आहे.

मनगटावर घड्याळ बांधण्याची चाल फारशी प्राचीन नव्हे. पहिल्या महायुद्धापूर्वीं पुरुषाचें घड्याळ म्हणजे खिशांतलें, साखळीचें. मनगटावरचें तें बायकांच्या दागिन्यांत जमा. खंदकांतील शिपायास खिशांत हात घालून वेळ पाहण्याची सवड नसे, त्यामुळें १९१४ ते १९१८ या काळांत हा समज पालटला. मुंबईचा स्विस घड्याळांशीं संबंध त्याहूनहि जुना आहे. फेवर ल्यूबाची पेढी १८६५ सालीं मुंबईंत आली, आणि १८८६ मध्यें वेस्ट एंड हें नांव निघालें तें हिंदुस्थानच्या बाजारासाठींच. स्वातंत्र्यानंतर, १९६१ सालीं, बंगळूर येथें एच. एम. टी. नें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें घड्याळें काढण्यास आरंभ केला. आणि परीक्षा उतरलेल्या मुलास किंवा नव्या जावयास द्यावयाची वस्तु म्हणजे एच. एम. टी., असें समीकरण पुढें कित्येक वर्षें होऊन बसलें. जानेवारी २०१६ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें ती घड्याळ-कंपनी बंद करण्यास संमति दिली. ज्या घड्याळांनीं १९५५ पूर्वींची मुंबई पाहिली, त्यांनीं तर या शहरांत दोन वेळा नांदतांना पाहिल्या. प्रमाण वेळ १९०६ पासून लागू झाली होती, तरी तिच्या ३९ मिनिटें मागें चालणारी मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत प्रचारांत होती. सकाळीं किल्ली देतांना आपल्या आजोबांनीं कोणत्या वेळेस घड्याळ लावलें असेल, हा प्रश्नहि आतां गमतीचा वाटतो.

हा इतिहास सांगण्याचें कारण व्यावहारिक आहे. जीं घड्याळें आतां निघत नाहींत, त्यांचे भाग दुसऱ्या जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. यंत्रांतील जें चक्र सतत मागें-पुढें डोलत असतें, त्याच्या आंसाचीं टोंकें केसासारखीं बारीक असतात. १९३४ च्या सुमारास इन्काब्लॉक नांवाची धक्का सोसणारी योजना निघाली; परंतु तिच्या पूर्वींच्या आणि पुढील काळांतल्याहि अनेक स्वस्त घड्याळांत असा बंदोबस्त नाहीं. असें घड्याळ फरशीवर एकदां पडलें, तरी तीं टोंकें मोडण्यास तेवढें पुरेसें होतें. आणि घड्याळ पडतें तें बहुधा पट्टा तुटल्यानें किंवा पट्ट्याची पीन निसटल्यानें. साठ वर्षें चाललेलें यंत्र दहा-वीस रुपयांच्या पिनेपायीं कायमचें थांबावें, यासारखी हळहळ दुसरी नाहीं.

तेव्हां पट्टा घेण्यापूर्वीं घड्याळ उलटें करून नीट पाहावें. पट्टा अडकविण्यासाठीं चौकटीस जीं चार टोंकें असतात, त्यांस आपण येथें कान म्हणूं. फार जुन्या घड्याळांत दोन कानांमध्यें तार पक्की डाखलेली असते. ती निघत नाहीं. नंतरच्या घड्याळांत स्प्रिंगची पीन असते. ती दाबली म्हणजे बाहेर येते. दुकानांत टांगलेले बहुतेक तयार पट्टे या दुसऱ्या जातीसाठींच असतात. पक्की तार कापून तेथें पीन बसवून देतों, असें कोणी सुचविल्यास तें मुळींच ऐकूं नये. त्यानें घड्याळाची मूळ घडण कायमची बिघडते. अशा घड्याळास दोनच मार्ग आहेत. एक, तारेभोंवतीं दुमडून चिकटविण्याचा वा शिवण्याचा उघड्या टोंकाचा पट्टा. दुसरा, दोन्ही तारांखालून ओंवून घेण्याचा अखंड पट्टा.

यानंतर माप. दोन कानांमधील आंतलें अंतर मिलिमीटरांत मोजावें. चौकटीची रुंदी मोजूं नये. पुरुषांच्या जुन्या घड्याळांत तें बहुधा १६ किंवा १८ भरतें, बायकांच्या घड्याळांत त्याहून पुष्कळच कमी. क्वचित् १७ किंवा १९ असें अडनिडें मापहि निघतें. अशा वेळीं अरुंद पट्टा घेतला तर दोन्ही बाजूंस पीन उघडी दिसते आणि पट्टा सरकतो. रुंद पट्टा कोंबला तर त्याच्या कडा दुमडून लवकर फाटतात. चांगल्या कारागिराकडून मापाचा पट्टा शिवून घेणें हाच उत्तम उपाय. तयार पट्ट्याचे दोन तुकडे साधारणपणें ११५ व ७५ मिलिमीटर लांबीचे असतात. बारीक मनगटास ते मोठे होतात, हें मुलीसाठीं किंवा सुनेसाठीं घड्याळ सिद्ध करतांना ध्यानांत ठेवावें. आजोबांचें घड्याळ नातवाकडेंच गेलें पाहिजे असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं. जी नात रोज आठवणीनें किल्ली देईल, तिचा अधिकार अधिक. पट्टा कोणताहि घ्या, पिना मात्र नव्या घाला. जुनी पीन आंतून गंजलेली असते आणि तिचा दोष बाहेरून दिसत नाहीं.

आतां पट्टा कशाचा असावा, हा मुख्य प्रश्न. धातूचा पट्टा टिकाऊ खरा. परंतु त्याचा भार व घर्षण कानांवर पडतें आणि त्यांचीं छिद्रें हळूहळू झिजून मोठीं होतात. जुन्या हलक्या घड्याळास तो शोभतहि नाहीं. चामड्याचा पट्टा मऊ व भारदस्त असतो. पण त्याचा वैरी म्हणजे मुंबईची हवा. सांताक्रूझच्या वेधशाळेंत एकट्या जुलै महिन्याचें सरासरी पाऊसमान ८०० मिलिमीटरांहून अधिक आहे. अशा दमटपणांत चामड्यास बुरशी येते, आणि घामानें भिजलेला पट्टा घड्याळाच्या पाठीस चिकटून राहिला म्हणजे पितळेवरचा क्रोमचा मुलामा जाऊन आंतील पितळ हिरवें कळकतें. हिरडा, बाभळीची साल इत्यादिकांनीं कमावलेलें चामडें वापरानें सुंदर रंग धरतें, परंतु पाण्यानें डागाळतें व कडक होतें. क्रोमच्या क्षारांनीं कमावलेलें चामडें ओल अधिक सोसतें. पट्ट्यावर ‘अस्सल चामडें’ असा छाप असला म्हणजे तें उत्तम प्रतीचें असें समजूं नये. कातड्याचा चिरून काढलेला खालचा हलका थरहि त्याच छापानें विकला जातो. पट्टा वांकवून पाहावा. वरचा लेप लगेच तडकला किंवा कडेस कागदासारखे थर दिसले तर तो परत करावा. सुसरीच्या वा घोरपडीच्या कातड्याचा पट्टा कोणी दाखविल्यास त्यापासून दूर राहावें. हे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रक्षित आहेत. बाजारांत तसा दिसणारा माल बहुधा साध्या चामड्यावर ठसा उठवून केलेला असतो, आणि तेंच बरें.

आमच्या वाचकांच्या घरीं चामड्याविषयीं आणखी एक प्रश्न निघतो. पूजेस वा जेवणास बसतांना चामड्याचा पट्टा उतरवून ठेवण्याची चाल अनेक घरांत होती, कांहीं घरांत अद्यापहि आहे. ज्यांस ती सांभाळावयाची असेल, किंवा कोणाहि जनावराचें कातडें अंगावर नको असेल, त्यांनीं सुती अथवा नायलॉनचा विणलेला पट्टा खुशाल घ्यावा. ब्रिटिश सैन्यानें १९७३ मध्यें ठरविलेला नायलॉनचा अखंड पट्टा आतां सर्वत्र मिळतो. तो साबणानें धुतां येतो, आणि एक पीन निसटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतें, हा त्याचा मोठा गुण. ‘काफ’ या नांवानें विकलें जातें तें चामडें वासराचें असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें; ज्यांस तें चालत नाहीं त्यांनीं म्हशीचें किंवा शेळीचें स्पष्ट मागून घ्यावें.

परंतु आपल्या आवडीनिवडीची बाब निराळी आणि चामडें कमावणाऱ्या, शिवणाऱ्या हातांस हलकें लेखणें निराळें. पहिली गोष्ट ज्याच्या त्याच्या घरची. दुसरी उघड अन्यायाची. देवापुढें वाजणारा मृदंगहि चामड्यानेंच मढविलेला असतो, याचा विसर आपल्या लोकांस फार दिवस पडला होता. धारावीच्या चर्मकारागिरांचा लौकिक दूरवर गेलेला आहे. तेथें किंवा अन्यत्र एखाद्यानें मापाचा पट्टा हातानें शिवून दिला, तर त्याच्या मजुरींत घासाघीस करूं नये. घड्याळ स्वित्झर्लंडचें म्हणून ज्याचें कौतुक आपण करतों, तें आपल्या मनगटावर राहतें याच्या टांक्यांच्या जोरावर.

शोभेविषयीं थोडें. जुनीं घड्याळें पातळ असतात. त्यांस आंत गादी भरलेला जाड पट्टा लावला म्हणजे पट्टाच पुढें दिसतो. पातळ, साधा, काळा किंवा तपकिरी, आणि बकलाकडे किंचित् निमुळता होणारा पट्टा सहसा चुकत नाहीं. घरांत जुना फोटो असेल तर त्यांत मूळ पट्टा कसा होता तें पाहावें. पट्ट्याबरोबर तबकडीहि नव्यासारखी रंगवून देतों, असें कोणी म्हणाल्यास नम्रपणें नकार द्यावा. मुंबईच्या बाजारांत अशीं रंगविलेलीं घड्याळें इतकीं झालीं आहेत कीं, जाणते लोक तीं पाहतांच बाजूस सारतात. पिवळी पडलेली तबकडी हा दोष नव्हे. तें त्या घड्याळाचें वय आहे. तसेंच जुन्या पट्ट्याचें बक्कल फेंकूं नये. त्यावर पेढीचें नांव असल्यास तें नव्या पट्ट्यास बसवितां येतें.

पावसाळ्यांत कापडी व उरलेल्या आठ महिन्यांत चामड्याचा, अशी दोन पट्ट्यांची सोय केली तर उत्तमच. रात्रीं घड्याळ उतरल्यावर मऊ कोरड्या फडक्यानें त्याची पाठ पुसावी, आणि तें बंद डबींत न ठेवतां वाऱ्यावर ठेवावें.

शेवटीं एक विनंति. घड्याळ कोणीं घेतलें, कोणत्या सालीं व कोणत्या निमित्तानें घेतलें, आणि पट्टा कधीं बदलला, हें एका चिठ्ठीवर लिहून ती घड्याळाच्या पेटींत ठेवावी. हें सांगूं शकणारें माणूस घरांत आहे तोंवरच तें लिहून होतें; तें गेल्यावर आजोबांचें घड्याळ हें केवळ एक जुनें घड्याळ होतें, आणि मग तें रद्दीबरोबर जावयास वेळ लागत नाहीं.