बोअरचे पाणी आणि इंजिनातला गंज

डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी निम्म्याहून कमी चाके फिरवण्याच्या कामी येते. उरलेल्यातला मोठा वाटा, ढोबळमानाने एकूण उष्णतेचा पाव ते एकतृतीयांश, सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरणारे पाणी वाहून नेते. या पोकळ्यांना वॉटर जॅकेट म्हणतात. जुन्या डिझेल इंजिनांत त्या बिडाच्या ब्लॉकमध्येच ओतलेल्या असतात. बाहेरून दिसत नाहीत, आणि काही ठिकाणी त्यांची वाट जेमतेम बोटभर रुंद असते. तिथे गंज साचला की नवा रेडिएटर बसवूनही गाडी तापतच राहते.

यवत, वरवंड, पाटस या पट्ट्यात इंजिनांची परीक्षा कठीण असते. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर पाटसच्या भीमा कारखान्याकडे जातात. आषाढीच्या वारीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम यवतला असतो. तेव्हा दिंड्यांचे ट्रक आणि पाण्याचे टँकर माणसाच्या चालीने सरकतात. समोरून वारा मिळत नाही आणि रेडिएटरचा सगळा भार पंख्यावर येतो. यवतहून भुलेश्वरचा चढ उन्हाळ्यात भरल्या गाडीने चढताना तापमानाचा काटा वर जातो तो अशाच गंज साचलेल्या इंजिनांचा. समुद्रसपाटीपासून सुमारे अर्धा किलोमीटर उंचीवरच्या या भागात पाणी उघड्यावर ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरत नसेल, तर हाताशी फारच थोडे अंतर उरते.

गंजाचे मूळ बहुतेक वेळा ओतलेल्या पाण्यात असते. बसाल्ट खडकातले भूजल कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड होते; बारमाही कालव्याखालच्या ऊसपट्ट्यात त्यात आणखी क्षार आणि क्लोराइड उतरतात. सोलर हीटरच्या नळ्यांत आणि रोजच्या पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो, तोच सिलिंडरच्या भिंतीवरही बसतो. बिडातून उष्णता जितकी सहज जाते त्याच्या कित्येक पट कमी या थरातून जाते. क्लोराइड लोखंडाची झीज वेगाने वाढवतात. रेडिएटर तांब्या-पितळेचा, हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर क्षारयुक्त पाणी या धातूंमध्ये विद्युतघटासारखे काम करते आणि कमजोर धातू खाल्ला जातो.

गंजायला पाणी आणि लोखंड यांच्याबरोबर प्राणवायूही लागतो. बंद यंत्रणेत एकदा भरलेल्या पाण्यातला प्राणवायू थोड्या काळात संपतो आणि गंजण्याचा वेग मंदावतो. पण होज पाइप गळतो, झाकणाची वायसर गेलेली असते, म्हणून रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतले जाते. प्रत्येक तांब्याबरोबर नवा प्राणवायू आणि नवे क्षार आत जातात. गळती तशीच ठेवून गंज काढणे म्हणून फुकट जाते. हंगाम संपल्यावर अर्धवट पाण्यावर उभा राहिलेला ट्रॅक्टरही असाच आतून खराब होतो, कारण पाण्याच्या वरचा ओला भाग हवेत उघडा राहतो.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी. झाकण काढून मानेच्या आतल्या बाजूने बोट फिरवले आणि ते नारिंगी-तपकिरी निघाले, तर गंज आहे. बोटाला दुधी, तेलकट साय लागली, तर दोष हेड गॅस्केटचा किंवा ऑइल कूलरचा असतो. तो दुरुस्त झाल्याशिवाय धुण्यात अर्थ नाही. खरी परीक्षा ब्लॉकच्या ड्रेन प्लगशी होते. पंपापासून सर्वांत दूरच्या, म्हणजे शेवटच्या सिलिंडरभोवती प्रवाह मंद असतो आणि गाळ तिथे बसतो. रेडिएटर रिकामा करून हा प्लग काढला तरी कित्येकदा थेंबही पडत नाही. जाड तार घालून ढोसल्यावर आधी ओल्या तपकिरीसारखा गोळा बाहेर येतो, मग खवल्यांचे तुकडे आणि शेवटी पाण्याची धार. फक्त रेडिएटरचा नळ उघडून पाणी बदलणाऱ्याच्या हाती हा गाळ कधीच लागत नाही.

सफाईचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी थर्मोस्टॅट काढून त्याचे घर पुन्हा बसवावे आणि हीटर असल्यास तो पूर्ण गरमवर ठेवावा. मग बागेच्या पाइपच्या साध्या दाबाने पाणी उलट दिशेने सोडावे: ब्लॉकमध्ये वरून, रेडिएटरमध्ये खालून. सर्व्हिसिंगचा जोरदार फवारा इथे वापरू नये; जुन्या रेडिएटरच्या नळ्यांचे सांधे त्याने उघडतात. आत तेलाचा अंश असेल, तर कमी फेसाच्या डिटर्जंटने एक धुणे आधी द्यावे, कारण तेलकट गंजापर्यंत आम्ल पोचत नाही.

त्यानंतर आम्लाची पाळी. बिडाच्या इंजिनासाठी सायट्रिक ॲसिड सर्वांत समंजस निवड आहे; किराणा दुकानात ते लिंबूफूल म्हणून मिळते. लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या यंत्रणेला अर्धा किलो, हे प्रमाण पुरते. पावडर आधी बादलीत पूर्ण विरघळवून मग भरावी. इंजिन चालवून पाणी ८० अंशांच्या आसपास आणावे आणि अर्धा ते पाऊण तास तसे ठेवावे. पाणी पिवळसर, हिरवट, मग काळपट होत जाते. इंजिन निवल्यावर ते काढावे आणि गंज जुना असल्यास ताजे द्रावण घालून पुन्हा चालवावे. नवे द्रावण फारसा रंग धरत नाही, तेव्हा थांबावे. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळावा. गंज संपला की आम्ल चांगले लोखंड खाऊ लागते. हेड किंवा रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल, तर द्रावण निम्म्या ताकदीचे आणि वेळही निम्मा ठेवावा.

ऑक्झॅलिक ॲसिडही गंज चांगला काढते, पण ते विषारी आहे आणि जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा गाळ तयार करते. बोअरच्या पाण्याने भरलेल्या ब्लॉकमध्ये ते घालणे म्हणजे एक कचरा काढून दुसरा भरणे आहे. संडास साफ करायचे ॲसिड तर इंजिनाच्या जवळही नेऊ नये. त्यातले हायड्रोक्लोरिक ॲसिड बीड, ॲल्युमिनियम आणि रेडिएटरचे झाळकाम तिन्ही खाते, आणि मागे राहिलेले क्लोराइड पुढची कित्येक वर्षे काम करत राहतात.

आम्ल काढल्यावर भरपूर पाण्याने धुवावे. मग खाण्याच्या सोड्याचे सौम्य द्रावण काही मिनिटे फिरवून उरलेले आम्ल मारावे. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला चालत नाही. शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याचे. त्याच बैठकीत कूलंट भरणे आवश्यक आहे, कारण उघडे पडलेले स्वच्छ लोखंड काही तासांत पुन्हा लाल होते. ब्लॉकमध्ये धुण्याचे थोडे पाणी राहतेच. म्हणून यंत्रणेच्या निम्म्या मापाचे शुद्ध कूलंट आधी ओतावे, मग डिस्टिल्ड पाण्याने पातळी पुरी करून हवा काढावी. थर्मोस्टॅट, झाकण आणि फुगलेले होज पाइप याच वेळी बदलावेत. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची पद्धत चुकीची आहे. त्याने इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त पिते आणि सिलिंडर लवकर झिजतात.

सफाईनंतर कधी कधी वेल्च प्लग (ब्लॉकच्या भिंतीतले पत्र्याचे बूच) किंवा रेडिएटर गळू लागतो. त्या जागी पत्रा आधीच खाल्लेला असतो आणि गंजानेच भोक बुजवलेले असते. हे भोक गावात उघडे पडणे वारीच्या गर्दीत पडण्यापेक्षा बरे. ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्याला पाणी थेट लागते अशा, ट्रॅक्टर इंजिनांत नुकसान याहून खोल असते. लायनर थरथरतो, त्याच्या पाठीवर सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडत जातात. शेवटी पाणी ऑइलमध्ये उतरते. तिथे आम्ल उपयोगाचे नाही. लायनर बदलावा लागतो. साध्या पाण्यात हा धोका सर्वाधिक असतो आणि योग्य कूलंटमधली रसायने तो बराच रोखतात.

महाराष्ट्रात पाणी गोठत नाही, म्हणून कूलंट हा थंड मुलखाचा खर्च, असे अनेक मालक मानतात. हा समज इंजिनांना सर्वांत महाग पडतो. कूलंटचे इथले पहिले काम गंज रोखणे आणि दुसरे उकळण्याची पातळी वर नेणे हे आहे. त्यातली गंजरोधक द्रव्ये झिजतात, म्हणून डब्यावरच्या मुदतीत, जुन्या प्रकारच्या कूलंटला साधारण दोन वर्षांनी, ते बदलावे आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत. वाटेत नाइलाजाने साधे पाणी ओतावे लागले, तर परतल्यावर ते काढून टाकावे. डिस्टिल्ड पाण्याचा डबा आणि कूलंट यांचा खर्च एका हेड गॅस्केटच्या कामापुढे किरकोळ आहे.

काढलेले पाणी ओढ्यात, कालव्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यात विरघळलेले तांबे आणि झाळकामातले शिसे असते. जुने कूलंट चवीला गोड आणि जनावरांना मारक असते. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरावे, गोठ्यापासून दूर ठेवावे आणि वापरलेले ऑइल जिथे गोळा होते अशा वर्कशॉपकडे द्यावे.