देवदत्त सद्गुण आणि साताऱ्याचा ‘दरबार’

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना या बंधुसंघात स्थान होते. या घटनेविषयी लिहिताना ‘वैराग्य’, ‘त्याग’, ‘संन्यस्त वृत्ती’ हे शब्द सहज सुचतात. टिळकांची घडण पाहता ते गैर नाहीत. मात्र त्या शब्दांनी सद्गुणाचे श्रेय साधकाच्या पदरी पडते आणि ख्रिस्ती नीतिविचाराचा दावा नेमका येथेच निराळा आहे.

विश्वास, आशा आणि प्रीती ही त्रयी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात येते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तिची तात्त्विक मांडणी केली. धैर्य, संयम हे गुण पुनःपुन्हा केलेल्या कृतीतून अंगी बाणू शकतात. हे तीन गुण मात्र ईश्वरच मनुष्याच्या ठायी ओततो. मराठीत त्यांना ‘दैवी गुण’ म्हटले की घोटाळा होतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्ती जन्माबरोबर लाभणारी आहे. हे गुण जन्मजात नाहीत आणि कष्टार्जितही नाहीत. वारकऱ्यांची ‘कृपा’ त्यांना अधिक जवळची. लूथरच्या परंपरेने ‘ओतलेल्या गुणा’ची परिभाषा संशयास्पद मानली, आणि टिळकांचे अमेरिकन मराठी मिशन प्रॉटेस्टंटच होते, तरीही विश्वास ही मनुष्याची कमाई नव्हे, याविषयी तेथेही दुमत नाही.

यावरून अभ्यास निरर्थक ठरत नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सांगलीनजीक मिरजेस रुग्णालय उघडले. रुग्णसेवेमागची प्रीती देवदत्त मानली, तरी शस्त्रवैद्याचा हात सरावानेच तयार होतो.

खरी अडचण पुढेच आहे. गुण जर दान असेल, तर तो आचरणे इतके जड का जाते? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर कोणत्याही धर्मशास्त्रीय ग्रंथापेक्षा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हे त्यांच्या मनाने स्वीकारले, पण सोवळ्याची सवय तेवढ्याने सुटली नाही. अक्वायनसने नेमके हेच सांगितले आहे: गुण लाभला तरी पूर्वीच्या कृतींनी रुजलेले विरोधी संस्कार मागे उरतात आणि आचरणाला क्लेशकारक करतात. लक्ष्मीबाईंनी हे क्लेश विनोदाने सांगितले, म्हणून त्यांतील नैतिक संघर्ष वाचकाच्या नजरेतून निसटतो.

साताऱ्याच्या निर्णयाकडेही असेच पाहावयास हवे. नियमित वेतनाविना राहण्याची टिळकांची आशा देवदत्त म्हणावी. पण त्या आशेवर संसार चालवावयाचा तो लक्ष्मीबाईंनी. पतीच्या निर्णयाला ‘त्याग’ आणि पत्नीच्या हिशेबाला केवळ ‘व्यवहार’ म्हणणारी समीक्षा दोघांवरही अन्याय करते. पहिल्याला जे मिळाले ते ती त्याची मिळकत समजते, आणि दुसरीने कष्टाने जे साधले त्याची नोंदच घेत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते. ते काम लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले.