दुसऱ्यांच्या उपासनेला जावं

“आपली मंडळी असताना दुसऱ्यांच्या उपासनेला कशाला जायचं?” हा प्रश्न आपल्याकडे अजूनही दटावणीच्या सुरात विचारला जातो. मिस्साला बसलेला प्रोटेस्टंट तरुण मूर्तींकडे झुकला आणि प्रोटेस्टंटांच्या उपासनेला गेलेली कॅथलिक मुलगी हातची गेली, असं दोन्हीकडचे वडीलधारे धरूनच चालतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण अशाने श्रद्धा पातळ होते, हे मला मान्य नाही.

जॉन वेस्ली घ्या. अँग्लिकन चर्चचा दीक्षित धर्मगुरू, नेमधर्मात काटेकोर. २५ जानेवारी १७३६ रोजी जॉर्जियाला निघालेल्या जहाजावर तो मोरेव्हियन पंथाच्या जर्मन प्रवाशांच्या सायंप्रार्थनेला गेला. स्तोत्र सुरू झालं आणि समुद्र जहाजावर कोसळला. मोठं शीड फाटलं, इंग्रज प्रवाशांनी किंकाळ्या फोडल्या. मोरेव्हियन गात राहिले. तुमच्या बायकामुलांना तरी भीती वाटली असेल, असं त्याने नंतर विचारलं. ती मरणाला भीत नाहीत, असं उत्तर आलं. वेस्ली स्वतः भीत होता; तशी कबुली त्याच्या रोजनिशीत आहे. ऑक्सफर्डमधल्या उपासतापासांनी जे दिलं नव्हतं, ते त्याला परक्यांच्या उपासनेत दिसलं. पुढे २४ मे १७३८ ला लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका छोट्या सभेत रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना ऐकताना त्याला तारणाची खात्री पटली. एवढं होऊनही १७९१ मध्ये मरेपर्यंत तो अँग्लिकन धर्मगुरूच राहिला.

“सगळे पंथ सारखेच, कुठेही जा,” म्हणणारे तर मला जास्त चुकीचे वाटतात. सारखंच असतं तर जाऊन मिळालं काय असतं? उत्तम शुक्रवारी आम्ही प्रोटेस्टंट दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं ऐकतो. कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा होत नाही. उघड्या वेदीपुढे धर्मगुरू पालथे पडतात; कुणी चकार शब्द काढत नाही. मग लोक एकेक करून पुढे येतात आणि क्रुसावरच्या पायांना ओठ लावतात. मी गेलो तेव्हा गुडघे धरलेली एक आजी नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन वाकली. उद्गारांचा अर्थ मला ठाऊक होता. ते उच्चारणाऱ्यापुढे असं अंगाने वाकणं ठाऊक नव्हतं. त्यानंतर आमच्या मंडळीत तहानेच्या उद्गारावरचं प्रवचन ऐकताना मला कोरडे पडलेले ओठ दिसले.

एरवीच्या मिस्सात ख्रिस्तशरीरासाठी रांग लागते तेव्हा मी बाकावरच बसतो. कॅथलिक शिस्त तशी आहे, ती मोडू नये. पण चर्चमधली फूट तिथे जिव्हारी लागते. आमच्याकडे प्रभुभोजन सहज हाती येतं, तेव्हा ती कधी जाणवली नव्हती.

एकत्र यायला वेगळेपण पुसावंही लागत नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरांचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, कळत्या वयातच द्यावा म्हणणारे बाप्टिस्टही होते. दोन्ही रीती राहिल्या.

म्हणूनच जानेवारीतल्या ऐक्य सप्ताहाच्या संयुक्त सभांवर माझा भरवसा नाही. कुणाला खटकेल ते सगळं तिथे आधीच गाळलेलं असतं. १८ ते २५ जानेवारीत एक रविवार हमखास येतो. त्या दिवशी पाळकांनी निम्मी मंडळी शेजारच्या चर्चच्या नेहमीच्या मिस्साला पाठवावी. कॅथलिकांना रविवारचा मिस्सा चुकवता येत नाही, तर फादरांनी त्यांना त्याच आठवड्यात आमच्या प्रार्थनासभेला धाडावं. मांडीवर शास्त्र उघडून बोटाने ओळ शोधणाऱ्या आमच्या बायकांशेजारी त्यांनी तासभर बसावं.